‘कोपर दुखतंय, पण बाबांना सांगू नकोस’

मावशी, सप्रेम नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझा मुलगा चौदा वर्षांचा, आठवीत आहे. डावखुरा आहे आणि बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू फेकणारा. मला या खेळातलं फारसं कळत नाही. गेल्या वर्षी एका टुर्नामेंटमध्ये त्याने तेरा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू मारूच न देता बाद केलं, आणि तेव्हापासून घरातलं वातावरणच बदललं. त्याचे कोच सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हा आपला क्लेटन कर्शॉ!’ माझ्या नवऱ्याने त्या प्रसिद्ध डावखुऱ्या पिचरचं नाव धरूनच ठेवलं. रात्री जेवणं झाली की टीव्हीच्या अर्ध्या पडद्यावर कर्शॉ आणि अर्ध्या पडद्यावर आमचा मुलगा, असा व्हिडिओ लावून दोघं बसतात. पाय किती वर गेला, हात कुठे थांबला, सगळं बघतात. डोंबिवलीच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तर तो ‘पुढचा कुमार रॉकर’ आहे, कारण रॉकर या अमेरिकन पिचरची आई भारतीय वंशाची.

सुरुवातीला मुलालाही मजा वाटायची. आता सामन्याच्या आदल्या रात्री तो जेवत नाही. शनिवारी एका संघाकडून खेळतो, रविवारी दुसऱ्या. हिवाळ्यातही एका इनडोअर केंद्रात वेग मोजणाऱ्या रडार गनसमोर चेंडू फेकतो. मागच्या महिन्यात दोन सामने वाईट गेले, तेव्हा परत येताना गाडीत नवरा म्हणाला, ‘कर्शॉ असा खचला असता का?’ मुलगा घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता.

चार दिवसांपूर्वी सकाळी पाहिलं, तर तो उजव्या हाताने दात घासत होता. विचारलं तेव्हा म्हणाला, ‘कोपर थोडं दुखतंय, पण बाबांना सांगू नकोस.’ मी अजून सांगितलेलं नाही. नवरा वाईट माणूस नाही हो, मुलावर जीव टाकतो. तो स्वतः कॉलेजपर्यंत डावखुरी फिरकी टाकायचा, पण त्याच्या घरून कधी कोणी सामना बघायलाही आलं नाही. मी काही बोलले की म्हणतो, ‘तू त्याचे पाय ओढू नकोस.’ मुलाचा विश्वास मोडू की गप्प बसू?

– एक आई, न्यू जर्सी

* * *

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचताना कर्शॉ, रॉकर, तो ग्रुप, ते व्हिडिओ सगळं मागे राहिलं आणि मी दात घासण्याच्या वाक्यापाशीच अडकले. मी शिकागोत पंचवीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं. मुलं तोंडाने ‘थोडं’ म्हणतात. पण ब्रश, शर्टाचं वरचं बटण, दप्तराचा पट्टा या गोष्टी बरोबर सांगतात. डावखुऱ्या मुलाने सकाळी न सांगता हात बदलला, तर त्याचं कोपर थोडं दुखत नाहीये.

म्हणून आधी हे कर, बाकीचं पत्र नंतर वाच. या शनिवारी तो खेळणार नाही, रविवारीही नाही, आणि डॉक्टरांनी तपासेपर्यंत अंगणातसुद्धा चेंडू फेकणार नाही. मुलांच्या हाडांचे डॉक्टर किंवा स्पोर्ट्स मेडिसिनचे डॉक्टर बघ आणि याच आठवड्यातली वेळ घे. चौदाव्या वर्षी कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून वाढत असतं. तिथली ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं ती मऊ जागा, पुरती पक्की झालेली नसते. पिच टाकताना, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकताना, दर वेळी तीच जागा ओढली जाते. वेळेवर पकडलं, तर बहुतेक मुलं नुसत्या विश्रांतीने आणि नंतरच्या व्यायामाने बरी होतात. दुखत असताना फेकत राहिलं की प्रकरण वाढतं. बर्मिंगहॅम, अलाबामा इथल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने तरुण पिचरांचा अभ्यास केला, तेव्हा हात थकलेला असतानाही नेहमी पिच टाकणाऱ्या मुलांमध्ये ऑपरेशनपर्यंत जाणाऱ्या दुखापतीची शक्यता ३६ पट आढळली. छत्तीस टक्के नव्हे, छत्तीस पट. हा आकडा मी माझ्या खोलीत भिंतीवर लावला होता.

आता विश्वासाचं. तू गप्प बसू शकत नाहीस, हे तुलाही कळलंय, म्हणून तर पत्र लिहिलंस. पण नवऱ्याला सांगण्याआधी मुलाला सांग. त्याच्या खोलीत जा, दार लाव आणि म्हण, ‘मी हे बाबांना सांगणार आहे. सांगायचं की नाही, हे तुझ्या हातात ठेवू शकत नाही, कारण हात तुझा आहे आणि तू अजून चौदा वर्षांचा आहेस. पण कसं सांगायचं ते तू ठरव. तू सांगतोस, मी सांगू, की दोघं मिळून सांगू या?’ एवढं केलंस तर तो चिडेल, कदाचित रडेल, पण आईने पाठीमागे चुगली केली असं त्याला आयुष्यभर वाटणार नाही.

पुढचं मी जरा सविस्तर लिहितेय, कारण हे पत्र तुझ्या नवऱ्यानेही वाचावं अशी माझी इच्छा आहे. तो खेळ मनापासून बघणारा माणूस दिसतो, तेव्हा त्याच्याशी खेळाच्याच भाषेत बोलावं.

आमचं घर शिकागोत, म्हणजे शिकागो कब्ज या संघाच्या चाहत्यांचं. ६ मे १९९८ च्या दुपारी रिग्ली फील्ड या त्यांच्या मैदानावर कब्जच्या केरी वूडने ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या २० फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं. वय २० वर्षं, आणि मेजर लीगमधला, म्हणजे सगळ्यांत वरच्या व्यावसायिक पातळीवरचा, त्याचा तो अवघा पाचवा सामना. एका सामन्यात २० म्हणजे रॉजर क्लेमेन्सच्या विक्रमाशी बरोबरी. शिवाय वूड टेक्ससचा, क्लेमेन्स टेक्ससमध्ये वाढलेला, नोलन रायन हा दिग्गज पिचरही टेक्ससचाच. झालं! दुसऱ्या दिवसापासून शहरात दुसरा विषय नव्हता. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याने वूडच्या नावाचा शर्ट मागितला आणि आम्ही तो घेऊनही दिला. पुढचा मोसम सुरू होण्याआधीच वूडच्या कोपराचा लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, फाटला आणि १९९९ चं अख्खं वर्ष तो एकही सामना खेळला नाही. नंतर वाचनात आलं, की शाळेत असताना, ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, नाव येऊन काहीच दिवस झालेले असताना, त्याने एकाच दिवशी लागोपाठ दोन सामन्यांत मिळून १७५ पिच टाकले होते. तेव्हाही त्याला ‘पुढचा रायन’ म्हणणारे असणारच. त्या दिवशी त्याचा हात कोणी मोजला?

वूड परत आला, चांगला खेळला, शेवटी रिलीव्हर, म्हणजे सामन्याच्या मध्ये येणारा बदली पिचर, म्हणून २०१२ पर्यंत टिकला. कोणीही अभिमान बाळगावा अशी ती कारकीर्द आहे. पण आमच्याकडे आजही त्याचं नाव निघालं की लोक हळहळतात. जे घडलं त्याचं कौतुक राहतं बाजूला, जे दुसऱ्या कोणासारखं घडलं नाही त्याचा शोक चालतो. मला हे फार लागतं.

त्याच्या मागोमाग मार्क प्रायर आला. २००१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला. त्याची पिच टाकण्याची पद्धत इतकी निर्दोष मानली जायची, की त्याची तुलना थेट टॉम सीव्हर या जुन्या महान पिचरशी केली गेली. याला दुखापत होणारच नाही, असं जाणते लोक सांगायचे. २००३ मध्ये १८ विजय, २४५ स्ट्राइकआउट, आणि मोसमाच्या शेवटी सामन्यामागून सामन्यात १२० च्या वर पिच. मेजर लीगमधला त्याचा शेवटचा सामना ऑगस्ट २००६ मध्ये झाला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. खांदा गेला होता. आज तो लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा पिचिंग कोच म्हणून नाव कमावून आहे, म्हणजे माणूस संपला नाही. पण ज्या ‘निर्दोष’ पद्धतीचे व्हिडिओ बघून बाप आपल्या मुलांना शिकवत होते, तिनेही खांदा वाचवला नाही. अर्ध्या अर्ध्या पडद्याचा व्हिडिओ लावताना हे लक्षात असू दे.

आता कर्शॉकडे येते, कारण मूळ तुलना तिथली आहे. कर्शॉची स्वतःची तुलना पहिल्यापासून सँडी कूफॅक्स या जुन्या दिग्गज पिचरशी झाली. दोघंही डावखुरे, दोघंही डॉजर्सचे. कर्शॉने ते ओझं पेललं, वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारे साय यंग पुरस्कार तीनदा मिळवले, तीन हजारांहून जास्त स्ट्राइकआउट केले आणि अठरा मोसम खेळून २०२५ मध्ये निवृत्त झाला. छान. पण ‘पुढचा कूफॅक्स’ तो एकटाच नव्हता. १९७३ मध्ये टेक्सस रेंजर्सने डेव्हिड क्लाइड नावाच्या डावखुऱ्या मुलाला ड्राफ्टमध्ये सगळ्यांत पहिला निवडला. ह्यूस्टनच्या शाळेतून बाहेर पडून त्याला तीन आठवडेही झाले नव्हते, आणि २७ जूनला त्याला थेट मेजर लीगच्या माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभं केलं. संघ तळाशी होता, स्टेडियम ओस पडायचं. त्या रात्री ते पहिल्यांदा खच्चून भरलं. अठरा वर्षांच्या पोराने तो सामना जिंकलाही. मग त्याला खालच्या पातळीवरच्या मायनर लीगमध्ये नेऊन घडवायचं सोडून तसाच ठेवला, कारण तिकिटं खपत होती. १८ विजय, ३३ पराभव, आणि १९७९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, शेवटचा सामना. कर्शॉ सगळ्यांना माहीत असतो. क्लाइडचे व्हिडिओ कोणी लावत नाही.

आणि खुद्द कूफॅक्स? १९५५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी तो ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळायला लागला. पहिल्या सहा मोसमांचा हिशेब ३६ विजय आणि ४० पराभव असा आहे. चेंडू भयंकर वेगाने जायचा, पण जायचा कुठे याचा नेम नसे. १९६१ च्या वसंतातल्या सराव सामन्यांच्या वेळी नॉर्म शेरी या कॅचरने, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणाऱ्या सहकाऱ्याने, त्याला सांगितलं, जोर जरा कमी लाव. तिथून पुढे जो कूफॅक्स जगाने पाहिला, तो सगळा त्या नंतरचा. म्हणजे वीस-बावीस वर्षांचा कूफॅक्स कूफॅक्ससारखा नव्हता. त्याच्या त्या वयातल्या सामन्यांशी कोणाची तुलना कोणी कधी करत नाही. १९६६ मध्ये २७ सामने जिंकून तो तिसाव्या वर्षी निवृत्त झाला, कारण डाव्या कोपरात संधिवात शिरला होता. सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यात बुडवलेलं ते कोपरही कूफॅक्सचंच होतं.

मला तुझ्या नवऱ्याला नेमकं हे सांगायचंय. आपण मुलाची तुलना कर्शॉशी करतो तेव्हा ती पदकांच्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या कर्शॉशी असते. पस्तीस वर्षांचा, सहा फूट चार इंच उंच, मागे डॉक्टर, ट्रेनर, मालिशवाले यांची फौज असलेला माणूस एका बाजूला, आणि ज्याची हाडं अजून वाढतायत असा आठवीतला मुलगा दुसऱ्या बाजूला. त्या पडद्यावर मुलगा दर वेळी कमीच पडणार. हे त्याला रोज रात्री जेवल्यानंतर दाखवलं जातंय.

गाडीतल्या त्या वाक्याचंही उत्तर देते. ‘कर्शॉ असा खचला असता का?’ हो, खचला होता. ९ ऑक्टोबर २०१९, लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन नॅशनल्सविरुद्ध मालिकेचा निर्णायक सामना, आठवी इनिंग. अँथनी रेंडनने होमरन मारला आणि लगेच पुढच्या चेंडूवर वान सोटोने. बरोबरी झाली आणि पुढे डॉजर्स तो सामना हरले. कर्शॉ डगआउटमध्ये एकटा मान खाली घालून बसला होता, ते सगळ्या देशाने पाहिलं. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकलं. तुझ्या मुलाला कर्शॉचा एखादा व्हिडिओ दाखवायचाच असेल, तर तो डगआउटमधला दाखवा, आणि त्यावर एक शब्दही बोलू नका.

ग्रुपवरच्या मंडळींसाठी कुमार रॉकरबद्दलही लिहिते. आपल्या रक्ताचा मुलगा तिथे पोहोचला याचा आनंद मलाही आहे. २०१९ मध्ये, कॉलेजच्या पहिल्या वर्षात, त्याने ड्यूक विद्यापीठाविरुद्ध १९ स्ट्राइकआउट करत नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही, तेव्हा आमच्या घरीही फोन खणखणले होते. पण पुढचं कोणी ग्रुपवर टाकलंय का? २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं आणि वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. सगळ्या जगासमोर. वर्षभराने रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. २०२३ मध्ये कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन, म्हणजे फाटलेल्या लिगामेंटच्या जागी नवा बसवण्याचं, झालं. मेजर लीगमध्ये तो पहिला सामना खेळला तो सप्टेंबर २०२४ मध्ये. एवढं सोसून जो उभा राहिला, त्याचं नाव चौदा वर्षांच्या मुलाला टोपणनाव म्हणून चिकटवणं हा रॉकरच्या कष्टांचाही मान राखणं नव्हे.

तुझा नवरा डोंबिवलीचा, तेव्हा त्याला शेजारच्या कल्याणची गोष्ट आठवत असेल. जानेवारी २०१६ मध्ये पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. दुसऱ्या दिवशी तो सगळ्या जगाच्या वर्तमानपत्रांत होता. पुढच्या वर्षी धावा आटल्या आणि घरच्यांनी स्वतःहून मुंबई क्रिकेट असोसिएशनला कळवलं, की त्याची शिष्यवृत्ती थांबवा. त्या घराबद्दल मला नेहमी आदर वाटत आला आहे. शाळकरी मुलाकडून अख्खा महाराष्ट्र ‘पुढचा सचिन’ मागत होता, तेव्हा त्यांनी मुलाकडे बघितलं.

आणि ज्याला कोणाचाही ‘पुढचा’ म्हटलं गेलं नाही, असा एक तुमच्याच अंगणातला. जेकब डीग्रॉम कॉलेजात मुळात पिचर नव्हता, शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक होता. २०१० मध्ये मेट्सने त्याला नवव्या फेरीत घेतलं, लगेच कोपराचं ऑपरेशन झालं, मेजर लीगमध्ये आला तेव्हा पंचवीस उलटून गेली होती. २०१८ आणि २०१९ चा साय यंग त्याचा.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगते. ती अजून मनातून जात नाही. पंधरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, पिचर. कोपर शेवटचे दहा-पंधरा अंश सरळ होत नव्हतं. दर वेळी वडील बरोबर. मी मुलाला विचारायची, ‘आज कसं आहे?’ आणि वडील सांगायचे, ‘आज बरंच बरं आहे.’ मुलगा मान हलवायचा. सहा आठवडे हे चाललं. एके दिवशी वडील गाडी आणायला गेले, तेव्हा तो मुलगा कॉरिडॉरमध्ये, बुटाची नाडी बांधता बांधता, मान वर न करता म्हणाला, की अकरा महिन्यांपासून रात्री झोप लागत नाही इतकं दुखतं. अकरा महिने! मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, ‘डॅडनी सगळ्यांना सांगितलंय ना मी कोण होणार ते.’ त्याचं ऑपरेशन झालं. तो पुढे खेळला, पण पिचर म्हणून नाही. वडिलांना दोन मिनिटं बाहेर बसा असं सांगायला मला सहा आठवड्यांत सुचलं नाही. ती चूक माझी होती, आणि त्यानंतर मी एकाही मुलाला पालकांसमोर पहिला प्रश्न विचारला नाही.

तुझ्या मुलाने ‘बाबांना सांगू नकोस’ म्हटलं ते याच जातीचं आहे. बाबा मारतील किंवा ओरडतील म्हणून तो लपवत नाहीये. बाबांच्या डोळ्यांतला कर्शॉ आपल्या कोपरामुळे मोडेल, याची त्याला भीती वाटतेय. त्याला बाबांना सांभाळायचंय. तुझा नवरा वाचत असेल तर त्याला म्हणते, बाबा रे, हे तुझ्यावरच्या प्रेमापोटी चाललंय, म्हणून जास्त जपून वाग. तू माउंडच्या मागे जाळीला नाक लावून उभा राहतोस, कारण तुझ्या वेळी तिथे कोणी नव्हतं. ते उभं राहणं सोडू नकोस. सोड ती फक्त तुलना. आज रात्री त्याच्याजवळ बस आणि एवढंच विचार, ‘दुखतंय कुठे, दाखव.’ तो दाखवेल. दाखवलं की ‘मला आधी का नाही सांगितलंस’ हे विचारू नकोस. ते उत्तर तुला आता माहीत आहे.

हात बरा झाल्यानंतरचं थोडं. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांची ‘पिच स्मार्ट’ नावाची नियमावली आहे, ती छापून फ्रिजवर लाव. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ पेक्षा जास्त पिच टाकायचे नाहीत, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर मध्ये पूर्ण चार दिवस विश्रांती. शनिवारी एका संघाकडून सत्तर आणि रविवारी दुसऱ्याकडून चाळीस, हे त्यात बसत नाही. दोन्ही कोच आपापल्या परीने मोजत असतील, पण बेरीज कोणीच करत नाही. ती बेरीज तू कर. तुला खेळातलं कळत नाही म्हणतेस ना? मोजायला काही कळावं लागत नाही. वही घे, तारीख लिही, आकडा लिही. पिच टाकून झाल्यावर त्याच सामन्यात त्याला कॅचर म्हणूनही उभा करत असतील तर थांबव, तोही हातच आहे. वर्षभरात १०० इनिंगच्या वर जायचं नाही, आणि चार महिने फेकणं पूर्ण बंद, त्यातले दोन-तीन सलग. म्हणजे हिवाळ्यातलं ते रडार गनचं केंद्र बंद. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

रडार गनबद्दल वाईट वाटतं ते वेगळंच. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर मोठा अहवाल काढला, आणि त्यात वेगाच्या मागे लागणं आणि प्रत्येक चेंडू सगळी ताकद लावून फेकणं यावरच बोट ठेवलं. २००८ मध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१.३ मैल होता, २०२४ पर्यंत ९४.२ झाला. मोठ्या माणसांची ही शर्यत खाली झिरपत झिरपत आठवीतल्या मुलांपर्यंत आली आहे. तुमच्या मुलाने वर्षभर स्वतःचा वेग पाहिला नाही तर काही बिघडत नाही.

कर्शॉवरचं त्याचं प्रेम मात्र काढून घेऊ नका. मुलाने स्वतः निवडलेला हिरो ही फार सुंदर गोष्ट असते. भिंतीवर पोस्टर असू दे, अंगणात तो कर्शॉसारखा हात वर नेऊन थांबत असेल तर थांबू दे, आम्ही गावसकरांसारखी टोपी घालून गल्लीत उभे राहायचोच ना. ती नक्कल त्याच्या खेळण्याचा भाग आहे, आणि कंटाळा आला की तो ती सोडून देईल. घरच्यांनी मात्र त्या पोस्टरशेजारी उभा करून त्याची उंची मोजायची नाही.

ग्रुपवर सामन्याचे व्हिडिओ टाकणं बंद करा. कोणी विचारलं तर ‘बरा आहे, खेळतोय’ एवढं पुरे. परतीच्या गाडीत सामन्याचा विषय तो काढेल तरच निघेल, नाहीतर काय खायचं ते ठरवा. कोचना आजच एक ओळ लिही, की डॉक्टरांचं होईपर्यंत तो येणार नाही आणि त्याला यापुढे त्याच्या नावानेच हाक मारावी. चांगल्या कोचला याचा राग येत नाही. आला, तर तेही तुम्हाला वेळेवर कळलं.

डॉक्टरांकडे दोघंही जा. एक्स-रे काढतील, हात वाकवून-सरळ करून बघतील. पण त्याआधी पाच मिनिटं तुम्ही दोघं बाहेर बसा आणि त्याला एकट्याला आत बोलू दे. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव. ग्रोथ प्लेटचाच त्रास निघाला तर विश्रांतीच्या आठवड्यांत खांद्याचे आणि पाठीचे कुठले व्यायाम करता येतात, ते मी तुला वेगळं लिहून पाठवीन.

तुझी,
मावशी